इच्छा ओसरल्यावर

विदेहाचा राजा जनक याज्ञवल्क्याला अग्निहोत्राविषयी प्रश्नावर प्रश्न विचारतो, असा एक संवाद शतपथ ब्राह्मणाच्या अकराव्या कांडात आहे. अग्निहोत्र म्हणजे गृहस्थाने रोज संध्याकाळी आणि सकाळी अग्नीत द्यायची आहुती, बहुधा दुधाची. जनक विचारतो, दूध नसेल तर कशाने होम करशील? तांदूळ आणि जवाने. तेही नसतील तर? मिळतील त्या इतर वनस्पतींनी. त्या नसतील तर? रानातल्या वनस्पतींनी. त्याही नसल्या तर? झाडांच्या फळांनी. फळेही नसली तर पाण्याने. आणि पाणीही नसले तर? याज्ञवल्क्य सांगतो की इथे काहीच नव्हते तेव्हाही आहुती दिली जात होती, श्रद्धेत सत्याची. जनक प्रसन्न होतो आणि त्याला शंभर गाई देतो.

राजाने साधनांचा एकेक आधार काढून घेतला, पण ‘आज मनच नसेल तर?’ हे काही त्याने विचारले नाही. त्याला ते सुचले नसेल असे मानायचे कारण नाही. अग्निहोत्र ज्या जातीचे कर्म आहे तिथे हा प्रश्न उभाच राहत नाही. संध्याकाळ झाली की आहुती द्यायची. देणाऱ्याला त्या दिवशी हुरूप आहे की नाही, याची नोंद कुठे होत नाही.

व्यायामाच्या बाबतीत आज नेमके उलटे चित्र दिसते. साधनांना तोटा नाही. बूट आहेत, चटई आहे, पावले मोजणारे घड्याळ मनगटावर आहे, जिमची वर्षाची फी भरून झाली आहे. नसते ते फक्त मन. जानेवारीत जिममध्ये ट्रेडमिलसाठी थांबावे लागते आणि होळीच्या सुमारास तीच यंत्रे मोकळी पडतात, हे कुठल्याही शहरातला जिमवाला सांगेल. ‘लान्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात 2024 मध्ये आलेल्या जागतिक अभ्यासानुसार 2022 साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ, म्हणजे 49.4 टक्के, पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. 2000 साली हे प्रमाण 22 टक्क्यांच्या आसपास होते. ‘पुरेशी’ म्हणजे आठवड्याला दीडशे मिनिटे बऱ्यापैकी वेगाने चालणे किंवा त्याच्या निम्मा वेळ दमवणारा व्यायाम, एवढेच. व्यायाम चांगला असतो हे माहीत नसलेला माणूस या निम्म्यांत शोधूनही सापडणार नाही. सुरुवातही बहुतेकांनी कधी ना कधी केलेली असते. आरंभशूर हा शब्द मराठीत उगाच रुळलेला नाही.

सुरुवात करायला लावणारी इच्छा काही आठवड्यांत ओसरते. त्यानंतर माणसाने कशाच्या बळावर उठायचे? आणि इच्छेशिवाय केलेले ते उठणे खरे की पोकळ? हा प्रश्न आरोग्याच्या सदरात टाकला की त्याला आहाराच्या तक्त्याचे आणि सकाळच्या गजराचे उत्तर मिळते. खरे तर तो तत्त्वज्ञानाचा फार जुना प्रश्न आहे, आणि त्यावर भारतीय विचारांत जेवढे बारकाईने बोलले गेले आहे तेवढे आजच्या प्रेरणादायी व्याख्यानांत ऐकायला मिळत नाही.

वेदातल्या कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसा या दर्शनाने कर्मांचे तीन प्रकार केले. रोजची संध्या, अग्निहोत्र ही नित्य कर्मे. ग्रहण लागले, मूल जन्मले की करायची ती नैमित्तिक. आणि पाऊस पडावा, पुत्र व्हावा, स्वर्ग मिळावा म्हणून करायची ती काम्य. पावसासाठी कारीरी नावाची इष्टी सांगितली आहे. ती करण्याचा अधिकार ज्याला पाऊस हवा आहे त्याचा. ज्याला तो नको, त्याने ती केली नाही म्हणून काही बिघडत नाही. काम्य कर्माचे सगळे बळ इच्छेत असते. इच्छा आहे तोवर कर्म आहे.

आजचा बहुतेक व्यायाम या तिसऱ्या प्रकारातला आहे. धाकट्या बहिणीच्या लग्नाआधी आठ किलो उतरवायचे. साखरेचा रिपोर्ट वाईट आला म्हणून तीन महिने चालायचे. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी पावसाळा संपता संपता पळायला लागायचे. यात गैर काहीच नाही, पण काम्य कर्म दोन्ही टोकांनी मोडते. फळ मिळाले की ते संपते: लग्न झाले, रिपोर्ट सुधारला, पदक गळ्यात पडले, आता कशाला उठायचे? आणि फळ मिळाले नाही तरी ते संपते: दोन महिने घाम गाळून वजनाचा काटा जागचा हलला नाही, मग कशाला उठायचे? दोन्ही वेळी माणूस स्वतःला आळशी म्हणवून घेतो. त्यात आळसाचा भाग असेलही. पण आयुष्यभर चालवायची गोष्ट त्याने इच्छेच्या खात्यात टाकली, ही चूक आधीची आणि जास्त मोठी आहे.

इथे मीमांसकांतच एक जुने भांडण आहे. साधारण सातव्या शतकातले दोन आचार्य, कुमारिल भट्ट आणि प्रभाकर, यांचे. कुमारिलांचे म्हणणे असे की काहीतरी साधायचे असल्याशिवाय मूर्खसुद्धा हातपाय हलवत नाही. ‘यातून मला हवे ते मिळेल’ असे कळले की माणूस कामाला लागतो. नित्य कर्मालाही दोष टळणे हे प्रयोजन आहेच. प्रभाकर हे मान्य करत नाही. वेदाची आज्ञा ऐकल्यावर ‘हे मला करायचे आहे’ एवढे कळणे पुरेसे आहे, असे तो म्हणतो. फळाची जाणीव सोबत असेल, पण माणसाला हलवते ती कर्तव्याची जाणीव.

पहिल्या ऐकण्यात कुमारिलच शहाणे वाटतात, आणि व्यायामाच्या पहिल्या महिन्यापुरते ते बरोबरही आहेत. बूट विकत घेणारा माणूस काहीतरी हवे म्हणूनच ते घेतो. पण जो माणूस वीस वर्षे रोज पर्वती चढतो, त्याला चौथ्या टप्प्यावर थांबवून ‘का चढता?’ असे विचारले तर तो क्षणभर गोंधळतो. तब्येतीसाठी, असे काहीतरी तो सांगतो, पण पहाटे उठताना त्याच्या मनात तब्येत नव्हती. पर्वती चढायची आहे, एवढेच होते. कुमारिलांच्या वाटेने आत आलेला माणूस कधीतरी प्रभाकराच्या घरात राहायला गेलेला असतो.

मात्र एक अडचण उरते, आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. प्रभाकराच्या मागे वेदाची आज्ञा आहे. जॉगिंगची आज्ञा कोणी दिली? डॉक्टर सल्ला देतो, आज्ञा देत नाही. मग ‘करायचे आहे’ यातली सक्ती येते कुठून?

याचे उत्तर महाराष्ट्राला वारीने दिले आहे. वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ कोणी जबरदस्तीने घालत नाही; तो ती आपणहून घालून घेतो. एकदा घातली की एकादशी, हरिपाठ, वारी हे त्याच्या मर्जीचे विषय राहत नाहीत. प्रवेश स्वेच्छेचा, नंतरचा नेम बंधनाचा. अग्निहोत्राचेही तसेच होते. आधी अग्नीची स्थापना करायची, ती माणसाने स्वतः ठरवून करायची, आणि त्यानंतर ते व्रत म्हातारपणाने किंवा मरणानेच सुटायचे. स्वतःच्या निर्णयाने स्वतःला बांधून घेणे ही माणसाची एक विलक्षण शक्ती आहे. रोज नव्याने निर्णय घेणाऱ्याला रोज हरण्याची संधी असते. ज्याने निर्णय एकदाच घेतला, त्याच्यापुढे पहाटे साडेपाचला वाद घालायला कोणी उरत नाही.

मीमांसेतला यापुढचा विचार व्यायाम करणाऱ्याच्या थेट उपयोगाचा आहे, आणि तो सर्वात कमी माहीत आहे. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात प्रश्न येतो: एखाद्याला यज्ञाची सगळी अंगे पुरी करता येत नसतील तर त्याने तो करावा का? उत्तर दुहेरी आहे. कर्म काम्य असेल तर सगळी अंगे पुरी झाली पाहिजेत. अपुऱ्या कर्माने ते फळ मिळायचे नाही, तेव्हा जमत नसेल तर करू नये. कर्म नित्य असेल तर जेवढे जमेल तेवढ्यावर ते होते. मुख्य भाग करायचा, अंगे शक्तीप्रमाणे. अपुरे असले तरी ते झाले असेच धरायचे.

हा भेद जिममध्ये नेऊन पाहिला की अनेकांच्या अपयशाचे कारण दिसते. तासभर वेळ असेल तर व्यायाम, नाहीतर मुळीच नाही. पाऊस आला, चालणे रद्द. प्रवासाला निघालो, आता परत आल्यावर सोमवारपासून. ही सगळी काम्य कर्माची शिस्त आहे: पुरे नाही तर व्यर्थ. नित्य कर्माची शिस्त सौम्य आणि म्हणूनच जास्त चिवट असते. तास नाही तर वीस मिनिटे. बाहेर पाऊस आहे तर घरातच बारा नमस्कार. ताप येऊन गेला आहे तर गॅलरीत चार येरझाऱ्या. याज्ञवल्क्य दुधावरून पाण्यापर्यंत उतरत गेला तो याच तत्त्वाने. अग्निहोत्र आटोपशीर असते, हेही लक्षात ठेवण्यासारखे. काही थोड्या आहुत्या, थोडे मंत्र. जे जन्मभर चालायचे ते रचनेतच छोटे ठेवण्याचे शहाणपण त्यात आहे. पहिल्याच दिवशी दीड तासाचा व्यायाम ठरवणाऱ्याने त्यावर थोडा विचार करावा.

2020 च्या जूनमध्ये या ‘शक्तीप्रमाणे’ची मोठी परीक्षा झाली. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात आखून दिलेला ज्ञानेश्वर माउलींचा पालखी सोहळा करोनामुळे पायी निघू शकत नव्हता. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, लाखो माणसे, ठरलेले मुक्काम, रथापुढच्या आणि रथामागच्या क्रमांकाच्या दिंड्या, वाखरीचे रिंगण. यातले काहीच शक्य नव्हते. तरीही ठरलेल्या तिथीला प्रस्थान झाले. पादुका आळंदीतच राहिल्या आणि दशमीला, 30 जूनला, मोजक्या वारकऱ्यांसह एसटीच्या बसमधून पंढरपूरला गेल्या. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती. पुढच्या वर्षीही पादुका बसनेच गेल्या. वारी झाली नाही असे वारकऱ्यांनी म्हटले नाही. अंगे गेली, मुख्य राहिले. 2022 मध्ये पालखी पुन्हा पायी निघाली तेव्हा कोणाला काही नव्याने सुरू करावे लागले नाही, कारण काही बंद पडलेच नव्हते.

मानसशास्त्राने अलीकडे जे शोधले ते या विचारांच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमधल्या तीन संशोधकांनी, सारा मिल्न, शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन यांनी, 2002 मध्ये विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला नुसते व्यायामाची नोंद ठेवायला सांगितले. दुसऱ्या गटाला हृदयविकाराची आणि व्यायामाच्या फायद्यांची माहिती देऊन प्रेरित केले. तिसऱ्याला तीच माहिती दिली, शिवाय पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे लिहून घेतले. पहिल्या गटातल्या 38 टक्क्यांनी व्यायाम केला. प्रेरित केलेल्या दुसऱ्या गटातल्या 35 टक्क्यांनी. तिसऱ्यातल्या 91 टक्क्यांनी. हा एका आठवड्याचा हिशेब आहे आणि विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेला आहे, त्यामुळे त्यावर आयुष्याची इमारत उभी करू नये. तरी दुसरा आकडा विसरता येत नाही: प्रेरणा दिली, आणि काहीही हलले नाही.

घरी सत्यनारायण असो की वास्तुशांत, गुरुजी यजमानाच्या हातावर पाणी घालून संकल्प सांगतात. बहुतेक यजमान तो भाग ऐकत नाहीत. त्यात काय असते? आधी कल्प आणि मन्वंतर, मग भरतवर्ष, मग दख्खनच्या बहुतेक घरांत गोदावरीचा दक्षिण तीर, मग संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, मग यजमानाचे गोत्र आणि नाव, आणि सगळ्यात शेवटी कर्म. म्हणजे कोण, कुठे आणि केव्हा हे पूर्ण सांगून झाल्याशिवाय काय करणार ते सांगताच येत नाही. संकल्पाचा हेतू धार्मिक आहे, ते सवयी लावण्याचे तंत्र म्हणून कोणी रचलेले नाही; तसा दावा करणे त्या परंपरेवरही अन्याय ठरेल आणि विज्ञानावरही. पण नवीन वर्षाला ‘फिट व्हायचे’ असे म्हणणारा माणूस ज्याला संकल्प म्हणतो, त्यात देश नाही आणि काळही नाही. जुन्या अर्थाने तो संकल्प झालेलाच नाही.

एकवीस दिवसांत सवय लागते, हे वाक्य मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकातून पसरले. नाकाचा आकार बदललेल्या रुग्णाला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान इतके दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. त्याचा पहाटे पळण्याशी संबंध नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर बारा आठवडे केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागणारा मधला काळ 66 दिवस निघाला, आणि माणसामाणसांतला फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत. अभ्यासच 84 दिवसांचा होता, तेव्हा 254 हा आकडा आलेखावरून पुढे मोजलेला आहे. पाणी पिण्यासारखी साधी सवय लवकर लागली, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर त्याने विशेष फरक पडला नाही. या अभ्यासातला खरा दिलासा या शेवटच्या वाक्यात आहे.

आता आक्षेप. नुसता नेम म्हणजे कर्मकांड नव्हे का? भावाशिवायच्या टाळ-माळेवर संतांनी जेवढे कोरडे ओढले तेवढे दुसऱ्या कशावर ओढले नसतील. मन दुसरीकडे आणि पाय ट्रेडमिलवर, हा त्याच दांभिकपणाचा शारीरिक अवतार नाही का?

आक्षेप गंभीर आहे, आणि त्याच्याशी वाळवंटातले ख्रिस्ती साधू चौथ्या शतकात झगडले. इव्हाग्रियस पॉन्टिकस हा इजिप्तमधल्या केलिया इथे राहणारा साधू. साधकाला छळणाऱ्या आठ वृत्तींची यादी त्याने केली, आणि त्यातली सर्वात जड जी वाटली तिला त्याने दुपारचे भूत म्हटले. त्याने केलेले वर्णन हुबेहूब आहे. सूर्य पुढे सरकतच नाही असे वाटते. साधू पुन्हा पुन्हा खिडकीशी जातो, जेवणाची वेळ झाली का बघतो. कोणी भेटायला येतेय का, हे डोकावून पाहतो. मग ही जागाच बरोबर नाही, दुसरीकडे साधना जास्त सोपी जाईल, असे वाटू लागते. ट्रेडमिलवर दर चाळीस सेकंदांनी आकड्याकडे बघणारा आणि दर चार महिन्यांनी जिम बदलणारा माणूस सोळाशे वर्षांपूर्वी त्याने पाहून ठेवला होता.

त्याच्याही आधीचा वाळवंटातला साधू अँथनी. त्याच्याविषयी सांगतात की असाच कंटाळा दाटून आला असता तो बाहेर आला, तर त्याच्यासारखाच एक जण बसून दोरी वळत होता. मग तो उठून प्रार्थनेला उभा राहिला. मग पुन्हा बसून दोरी वळू लागला. देवदूतच होता तो. हेच कर, तरशील, असे अँथनीने ऐकले. त्या दूताने त्याला उत्साहावर प्रवचन दिले नाही. हात कसे हलवायचे, कधी उठायचे, कधी बसायचे एवढेच दाखवले.

संतांचा राग नेमावर नव्हता, नेमाच्या प्रदर्शनावर होता. ज्यांनी कर्मकांडावर आसूड ओढले तेच वारीला चुकत नव्हते. भाव हा पाहुणा आहे, रोज येत नाही. पण आला तर त्याला घर उघडे सापडावे, यासाठी नेम. ॲरिस्टॉटलने वेगळ्या वाटेने हेच पाहिले. वीणा वाजवूनच माणूस वादक होतो, न्याय्य कृत्ये करूनच न्यायी होतो, आणि गुण पक्का झाल्याची खूण म्हणजे त्या कृतीत आनंद वाटू लागणे. आनंद शेवटी येतो. त्याला पहिल्या दिवशी दारात उभे राहायला सांगणे हाच आपला मूळ घोटाळा आहे.

तरीही नेम यांत्रिक होऊ शकतो, हे पतंजलीने ओळखले होते. अभ्यास दृढ व्हायला दीर्घकाळ आणि सातत्य लागते, आणि त्यांच्यासोबत तो तिसरी अट घालतो, आदराची. योगातल्या नऊ अडथळ्यांच्या त्याच्या यादीत आजार, मंदपणा, संशय, बेपर्वाई, आळस तर आहेतच, पण शेवटचे दोन विशेष आहेत: एखादी पायरी गाठताच न येणे, आणि गाठलेल्या पायरीवर टिकता न येणे. हे दोन अडथळे त्याने वेगळे मोजले. वजन उतरवणे आणि उतरलेले वजन टिकवणे यांतला फरक ज्यांनी भोगला आहे त्यांना यामागचे निरीक्षण किती खरे आहे हे सांगायला नको.

आदर आणि सातत्य एकत्र कसे नांदतात याचे मराठी उदाहरण औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. 1868 चा जन्म. तरुणपणी त्यांनी युजीन सँडो या व्यायामपटूच्या पद्धतीचे वेड घेतले, त्याची उपकरणे आणि पुस्तके मागवली आणि जवळपास दहा वर्षे ती कसरत केली. नंतर ते सूर्यनमस्कारांकडे वळले ते कायमचे. त्यांनी आपल्या कुटुंबाला ते शिकवले, संस्थानातल्या शाळांत आणले, त्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिले. 1938 मध्ये लंडनहून त्यांचे इंग्रजी पुस्तकही निघाले. चित्रे काढणारा, कीर्तन करणारा, आपल्या प्रजेला स्वराज्याची राज्यघटना देणारा हा माणूस रोजच्या नमस्कारांबाबत मात्र कधी ढिला पडला नाही. नमस्काराला साधन लागत नाही, हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे: प्रत्येक नमस्काराबरोबर बीजमंत्र आणि सूर्याचे एक नाव उच्चारायचे, मित्र, रवी, सूर्य, भानू, अशी बारा. ही नावे मोजमापही करतात आणि भटकणाऱ्या मनाला हाताशी धरूनही ठेवतात. शरीर वाकते तेव्हा मनाला काहीतरी आदराचे काम दिलेले असते. हेडफोनमधल्या गाण्याने वेळ जातो. मंत्राने वेळेकडे लक्ष राहते. दोन्हींचा परिणाम एकच, असे म्हणता येत नाही.

कोल्हापूरच्या तालमीतही हे दिसते. पहाटे लाल मातीत उतरण्याआधी मारुतीला नमस्कार, मातीला हात लावून कपाळाला, मग जोर आणि बैठका. वस्ताद ‘आज मन आहे का’ असे विचारत नाही, आणि शेजारी दहा पोरे जोर मारत असताना अकराव्याचे मनही त्या प्रश्नाकडे वळत नाही.

खंड पडलाच तर? गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन हा प्रश्न फार कळवळून विचारतो. श्रद्धा आहे पण प्रयत्न पुरला नाही, मन वाटेतच ढळले, अशा माणसाचे काय होते? फाटलेल्या ढगासारखा तो इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही, असा नाहीसा होतो का? कृष्णाचे उत्तर आश्वासनाचे आहे: त्याचे केलेले वाया जात नाही, पुढच्या जन्मी तो सोडले तिथून उचलतो. शरीराच्या पातळीवरही याला एक दूरचा दुजोरा मिळतो. ऑस्लोच्या क्रिस्टियान गुंडरसन यांच्या गटाने 2010 मध्ये उंदरांवर दाखवले की व्यायामाने स्नायूंच्या पेशींत वाढलेली केंद्रके, नंतर स्नायू रोडावला तरी टिकून राहतात. पुन्हा सुरुवात करणारा शून्यापासून सुरुवात करत नाही. ‘गॅप पडली’ असे म्हणून वर्ष सोडून देणाऱ्या माणसाला हे कोणीतरी सांगायला हवे.

नेमाचा अतिरेक ही दुसरी बाजू. दुखऱ्या गुडघ्यावर पळणे, ताप असताना दंड काढणे, एक दिवस चुकला की अपराधाने पोळणे, यात भक्ती नाही आणि आरोग्यही नाही. शरीर हे धर्माचे पहिले साधन, अशा अर्थाची एक संस्कृत ओळ कितीतरी व्यायामशाळांच्या भिंतींवर रंगवलेली असते. ती कालिदासाच्या कुमारसंभवातली. कठोर तप करून अंग झिजवणाऱ्या पार्वतीकडे ब्रह्मचाऱ्याच्या वेषात शंकर येतो आणि काळजीने विचारपूस करतो, त्या श्लोकाचा तो शेवट आहे. त्याच्या लगेच आधी त्याने विचारलेले असते, तप आपल्या शक्तीप्रमाणे करतेस ना? भिंतीवर शेवटचा चरण येतो, आधीचा प्रश्न पोथीत राहतो. दोन्ही रंगवायला हवेत.

शक्तीप्रमाणे म्हटले की कोणाची शक्ती, हा प्रश्न आलाच. मीमांसा त्याला अधिकाराचा प्रश्न म्हणते. सहाव्या अध्यायातच जैमिनी ऐतिशायन या आचार्याचे मत सांगतो की यज्ञाचा अधिकार पुरुषालाच, आणि बादरायणाच्या आधाराने ते खोडून स्त्रीलाही अधिकार देतो. पुढे त्याच अध्यायात शूद्राला मात्र तो नाकारला गेला. नेमाचा हा सगळा विचार ज्या घरात वाढला त्याचे दार बहुतांना बंद होते, हे विसरून त्याचे कौतुक करणे अप्रामाणिक होईल. नाम, माळ आणि वारी यांनी नेम त्या घराबाहेर आणला. ज्यांना यज्ञशाळेत पाऊल ठेवता येत नव्हते त्यांनी तो जन्मभर चालवून दाखवला.

अधिकाराचा प्रश्न आज वेगळ्या रूपात उभा आहे. 2022 च्या ज्या आकड्यांचा उल्लेख वर आला, त्यात हालचाल अपुरी पडणाऱ्या भारतीय पुरुषांचे प्रमाण 42 टक्के आणि स्त्रियांचे 57 टक्के आहे. पंधरा टक्क्यांचा हा फरक स्त्रियांच्या मनोबलाने समजावता येत नाही. संकल्पात देश आणि काळ सांगावे लागतात, आणि दोन खोल्यांच्या घरात डबे, नळाचे पाणी, सासूबाईंची औषधे आणि मुलांची शाळा सांभाळणाऱ्या बाईकडे स्वतःचा म्हणावा असा देशही नसतो आणि काळही नसतो. सकाळी आणि संध्याकाळी, उद्यानांत गर्दी असते त्या वेळी, ती ओट्यापाशी असते. तिला मोकळीक मिळते ती दुपारी दोन ते चार, आणि अनेक शहरांतली सार्वजनिक उद्याने नेमकी तेव्हा बंद ठेवलेली असतात. सावलीची झाडे, बसायला बाके, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह असलेले एक उद्यान तरी प्रत्येक प्रभागात दुपारी उघडे ठेवणे महापालिकांच्या हातात आहे.